हात वर केलास की मी थांबेन

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतील माझ्या दवाखान्यात, नावे लिहून घेण्याच्या टेबलाखालच्या खणात, जुन्या संमतीपत्रांचे गठ्ठे आहेत. त्यांतील सर्वांत जुन्या कागदांची सुरुवात ‘स्वखुशीने व राजीखुशीने, कोणाच्याही दबावाविना लिहून देतो की’ अशी आहे, कारण पहिला मसुदा मी वडिलांच्या ओळखीच्या एका दस्तलेखकाकडून करून घेतला होता आणि त्यांचा हात आयुष्यभर खरेदीखतांवर बसलेला होता. त्या कागदात लिहून देणार म्हणून पालक आहेत, लिहून घेणार म्हणून मी आहे, आणि ज्याच्या दाढेसाठी हा सगळा व्यवहार व्हायचा त्या मुलाचे नाव खाली, जिथे खरेदीखतात मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा येतात, तिथे आहे. पुढे मी मसुदा बदलला, भाषा सोपी केली, धोके आणि पर्याय यांचे रकाने वाढवले. मुलाची कागदावरची जागा मात्र तीच राहिली. विक्रीला निघालेल्या मिळकतीला कोणी काही विचारत नाही.

लहान मुलांच्या दातांवर उपचार करताना मला ज्या प्रश्नांनी त्रास दिला, ते बहुतेक सगळे याच एका विसंगतीतून आलेले आहेत : सही एकाची असते आणि तोंड दुसऱ्याचे. कायद्याने हा प्रश्न फार पूर्वीच निकालात काढला आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील 89 आणि 90 या कलमांनी सांगून ठेवले होते की बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला पालकाची संमती पुरते, आणि एरवी त्या वयाच्या मुलाने स्वतः दिलेली संमती ही संमतीच नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद 27 आणि 28 या कलमांत आली. बारा ते अठरा या वयाबद्दल कायद्याच्या ओळी जरा धूसर आहेत. म्हणून आम्ही सगळे शहाणपणाने अठरा पूर्ण होईपर्यंत पालकाचीच सही घेतो आणि निर्धास्त होतो. मीही होत असे.

तो निर्धास्तपणा गेला त्या दिवशी माझ्या खुर्चीत शिवाजी पेठेतला सात वर्षांचा एक मुलगा होता. खालची मागची दुधाची दाढ पूर्ण किडलेली, हिरडीवर पुवाची पुळी आलेली, दाढ वाचवण्यासारखे काही उरलेले नव्हते. वडील तालमीत वाढलेले, दाराच्या चौकटीएवढे. त्यांनी कागद न वाचता सही केली आणि म्हणाले, ‘‘मॅडम, मी धरतो की त्याला. पैलवानाचं पोरगं हाय, रडत न्हाई.’’ मी म्हटले, धरण्याची गरज पडणार नाही. मुलाशी मी माझा नेहमीचा करार केला : तुला बोलता येणार नाही, पण डावा हात मोकळा आहे, हात वर केलास की मी थांबेन. त्याने मान हलवली. इंजेक्शनच्या वेळी त्याने एकदा हात वर केला, मी थांबले. दाढ हलवायला घेतली तेव्हा पुन्हा वर केला, मी पुन्हा थांबले, त्याला चूळ भरू दिली. तिसऱ्यांदा हात वर आला तेव्हा दाढेचे एक मूळ सुटले होते आणि दुसरे सुटण्याच्या बेतात होते. वडिलांनी तो हात पकडून खाली दाबला. मी ते पाहिले. आणि थांबले नाही. ‘‘झालंच, झालंच,’’ असे म्हणत अर्ध्या मिनिटात दाढ बाहेर काढली.

वडील खूश झाले. दाढ कागदाच्या पुडीत बांधून घेतली, खासबागेच्या मैदानात उतरणारा गडी असाच असतो म्हणून पोराच्या पाठीवर थाप दिली. मुलगा खरोखरच रडला नव्हता. कापसाचा बोळा दाताखाली दाबून तो दारापर्यंत गेला, वळला, आणि बोबड्या झालेल्या जिभेने म्हणाला, ‘‘तुम्ही थांबला न्हाईसा.’’

त्या अर्ध्या मिनिटाचे समर्थन मी अनेकांपुढे आणि अनेकदा स्वतःपुढेही केले आहे. दाढ अर्धी सुटलेली होती, बधिरता पुरेशी होती, थांबण्याने त्याची भीती वाढली असती. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण थांबणे अशक्य होते, असेही नाही. मी थांबले नाही याचे खरे कारण इतकेच होते की बाहेर सात जण बसले होते आणि दाढ येते आहे हे माझ्या हाताला कळले होते. कायद्याच्या दृष्टीने माझ्याकडे बापाची सही होती, कृती मुलाच्या हिताची होती, हेतू निर्मळ होता. जगातले कोणतेही न्यायालय मला दोष देणार नाही. संमती मला मिळालेली होतीच. फक्त ती ज्याने दिली होती त्याच्या जबड्यात काही चाललेले नव्हते.

संध्याकाळी केसपेपर भरताना मी त्या मुलाच्या वर्तनासमोर ‘तीन’ असा आकडा लिहिला. मुलांच्या दंतवैद्यकात फ्रँकल आणि सहकाऱ्यांनी 1962 मध्ये दिलेली चार पायऱ्यांची एक मोजपट्टी आजही वापरली जाते : पूर्ण विरोध, थोडा विरोध, सहकार्य, उत्तम सहकार्य. तीन म्हणजे सहकार्य. मुलाने तोंड मिटले नव्हते, मारले नव्हते, रडला नव्हता. आकडा बरोबर होता. लिहून झाल्यावर बराच वेळ मी त्या आकड्याकडे पाहत बसले. ही पट्टी मूल आमच्याशी कसे वागले ते मोजते. आम्ही मुलाशी कसे वागलो, हे मोजणारी पट्टी आम्हाला कोणी शिकवलेली नव्हती.

आम्ही विद्यार्थी असताना पाठ्यपुस्तकात एक पद्धत सविस्तर दिलेली होती. किंचाळणाऱ्या मुलाच्या तोंडावर तळहात ठेवायचा, कानाशी जाऊन शांत आवाजात सांगायचे की ओरडणे थांबवलेस तर हात काढीन, आणि थांबताच हात काढून त्याचे कौतुक करायचे. नाक मोकळे ठेवायचे, हेही त्यात लिहिलेले असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ही पद्धत अमेरिकेत मान्य होती आणि तिथल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने ती आपल्या मार्गदर्शक सूचनांमधून काढली 2006 साली. म्हणजे मी शिकून बाहेर पडल्यानंतर कित्येक वर्षांनी. मुलाला फळीवर पट्ट्यांनी गुंडाळून स्थिर ठेवण्याची पद्धत अजून आहे, नियमांच्या चौकटीत आहे, आणि काही मुलांच्या बाबतीत, विशेषतः ज्यांना आपल्या हालचालींवर ताबाच नसतो त्यांच्या बाबतीत, तिला पर्याय सापडणे कठीण असते. मी ती फळी कधी घेतली नाही. पण फळी नव्हती म्हणून मी चांगली होते, असे म्हणवत नाही. माझ्याकडे पैलवान बाप होता.

माझे एक ज्येष्ठ स्नेही, जे स्वतः दंतवैद्य आहेत, या सगळ्याला शहरी हळवेपणा म्हणतात. त्यांचा युक्तिवाद असा की मूल शाळेतसुद्धा पहिल्या दिवशी रडतच जाते, लस टोचतानाही रडते, तिथे कोण त्याची संमती घेतो? आणि तेही कोल्हापुरात, जिथे शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले! सक्ती नसती तर तुझा-माझा आजा शाळेत गेला असता का, असे ते विचारतात. मला हे उत्तर काही दिवस बिनतोड वाटले होते. मग लक्षात आले की महाराजांची सक्ती पोरावर नव्हती, बापावर होती. पोर शाळेत आले नाही तर दंड बापाला होता. मुलाच्या हिताच्या आड त्याचा पालकच येऊ शकतो, हे त्या कायद्याने ओळखले होते. आणि माझे सारे संमतीपत्र पालक म्हणजे मुलाचे हित, या गृहीतकावर उभे होते. अर्थात स्नेह्यांचा मुद्दा याने पूर्ण खोडला जात नाही, हे मलाही कळते. लस टोचायला उद्या चालत असते, पण मुलाचे वय होईपर्यंत थांबायला चालत नाही.

पालक आड येतो त्याचे रोजचे रूप अगदी साधे आहे : ‘‘दुधाचीच दाढ आहे ना मॅडम, पडणारच आहे की.’’ पाच वर्षांच्या मुलाची दुसरी दुधाची दाढ पडते दहाव्या ते बाराव्या वर्षी. तोपर्यंत पाच-सहा वर्षे त्याने एका बाजूने चावायचे, रात्री उठून बसायचे, आणि खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला वरच्या पुवाची झळ बसू द्यायची. सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे जी कायमची दाढ येते, तिच्या जागचा कोणताही दात पडलेला नसतो, म्हणून ती आल्याचे घरात कोणाला कळतही नाही. तिलाही दुधाची समजून सोडून दिलेली मी दर आठवड्याला पाहते. इथे मुलाचा होकार असतो, त्याला दुखत असते, आणि नकार सही करणाऱ्याचा असतो. पालकाच्या हेळसांडीविरुद्ध जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जाण्याचा मार्ग कागदावर आहे. एका दाढेसाठी त्या मार्गाने गेलेला दंतवैद्य माझ्या पाहण्यात नाही, आणि मीही गेलेली नाही. बापाची दिवसाची मजुरी बुडते आहे हे मला दिसत असते, म्हणून मी पैसे कमी करते, पुढची तारीख रविवारची देते आणि फोन करत राहते.

यावर कोणी असे समजू नये की मुलाने नको म्हटले की मी हत्यार खाली ठेवते. तसेही एकदा करून पाहिले आहे. त्या शिवाजी पेठेतल्या मुलानंतर वर्षभराच्या आत एक सहा वर्षांची मुलगी आली; वरची दाढ किडलेली, पण सूज नव्हती. तिने तोंड उघडायला ठाम नकार दिला. आई समजूतदार होती, मी पश्चात्तापाने मऊ झालेली होते, आणि आम्ही दोघींनी मिळून ठरवले की जबरदस्ती नको, पुढच्या आठवड्यात पाहू. पुढचा आठवडा परीक्षेत गेला, त्याच्या पुढचा गावच्या जत्रेत. सतराव्या दिवशी ती आली तेव्हा तिचा गाल डोळ्याखालपर्यंत सुजून डोळा जवळजवळ मिटला होता आणि अंगात ताप होता. तिला तीन दिवस रुग्णालयात ठेवून शिरेतून औषधे द्यावी लागली आणि दाढ अखेर पूर्ण भूल देऊनच काढावी लागली. तिच्या ‘नको’चा मी मान राखला, असे मी तेव्हा म्हणत होते. खरे म्हणजे मी माझ्या जुन्या चुकीचे प्रायश्चित्त तिच्या गालावर घेतले.

या दोन मुलांमध्ये उभे राहून मी हळूहळू एक प्रश्न विचारायला शिकले, आणि तो संमतीचा प्रश्न नाही, वेळेचा आहे : हे आजच व्हायला हवे का? आज न झाल्यास नेमके काय बिघडेल, आणि किती दिवसांत? सूज चढत असेल, ताप असेल, तर मुलाचा नकार ऐकून घेऊनही पुढे जावे लागते, आणि तसे त्याला तोंडावर सांगावे लागते. सूज नसेल, तर त्याचा नकार हा उपचाराच्या आड आलेला अडथळा राहत नाही. तो उपचाराच्या वेळापत्रकाचा भाग होतो, बशर्ते ते वेळापत्रक पाळण्याची जबाबदारी मी घेतली असेल. माझ्या गल्लतीचा मोठा भाग असा की माझी घाई ही मला दाढेची घाई वाटत असे.

वेळ मिळाला की दुसरी अडचण समोर येते, ती खोटे बोलण्याची. मुलांना रंकाळ्यावर भेळ खायला नेतो सांगून दवाखान्यात आणले जाते. बाहेरच्या बाकावर बसलेल्या आया दुसऱ्याच कुठल्या तरी खोडीसाठी पोराला दटावतात, ‘‘गप बस, न्हाईतर मॅडम सुई टोचतील,’’ आणि पाच मिनिटांनी तेच पोर माझ्या हवाली करतात. पण मला बोलायला फारशी जागा नाही. सांगा, दाखवा, मग करा, ही ॲडल्स्टन यांनी 1959 मध्ये मांडलेली पद्धत आमच्या धंद्यातली सर्वांत सभ्य पद्धत आहे, आणि तिच्यातसुद्धा आम्ही ड्रिलला शिट्टी म्हणतो, सक्शनला पाणी पिणारा हत्ती म्हणतो, आणि भुलीच्या इंजेक्शनला दाताला झोपवणारे पाणी म्हणतो. एका मुलीने दुसऱ्या भेटीत मला विचारले, ‘‘तुम्ही पाणी म्हणाला होता, पण त्याला सुई होती ना?’’ होती. भारतीय कायदा गैरसमजातून दिलेल्या संमतीला संमती मानत नाही. ज्यांच्या संमतीला मुळातच किंमत नाही त्यांच्याबाबत हा नियम लावायचा कसा, ते मला ठाऊक नाही. तेव्हापासून मी शिट्टी आणि हत्ती ठेवले आहेत, सुईला सुई म्हणते. ‘‘सुई आहे, टोचेल, मी दहा मोजेपर्यंत,’’ एवढे सांगते. काही मुले हे ऐकताच खुर्चीतून उतरतात. मग आम्ही पुढची तारीख घेतो आणि पालक माझ्याकडे ‘एवढं कशाला सांगायचं’ अशा नजरेने पाहतात.

सही कोणाची, हा प्रश्न एरवी मला किरकोळ वाटतो. आजी नातवाला घेऊन येते, मुलगा-सून पुण्याला नोकरीत; आजी विचारते, ‘‘मी हाय की. अंगठा चालंल न्हवं?’’ तपासायला चालतो, दाढ काढायला मी आईला किंवा वडिलांना फोन लावते, आणि बहुतेक वेळा काम होते. पण एका जानेवारीत, ऊसतोडीच्या ऐन हंगामात, तेराएक वर्षांची एक मुलगी आपल्या सहा वर्षांच्या भावाला घेऊन आली. काखेत आणखी एक लहान. भावाचा जबड्याखालचा भाग टणक सुजलेला होता. आई-वडील बीडकडून टोळीबरोबर आलेले, दिवस उगवायच्या आत फडात गेलेले, फोन लागत नव्हता. त्यांना मोटरसायकलवरून सोडायला आलेला मुकादम सोफ्यावर बसला होता. तो म्हणाला, ‘‘द्या कागद, मी सही करतो. माझीच माणसं हैत.’’

त्या वाक्यात वाईट असे काही नव्हते; त्याने हंगाम चालू असताना गाडी काढून पोर शहरात आणले होते, हे मी विसरत नाही. पण मुलाच्या आई-बापांनी त्याच्याकडून उचल घेतलेली होती, ती फिटेपर्यंत ते फड सोडू शकत नव्हते, आणि आता त्यांच्या मुलाच्या देहाबद्दलची सहीसुद्धा तोच करणार होता. मी कागद त्याला दिला नाही. तातडीच्या प्रसंगी, पालकाची संमती वेळेत मिळणे शक्य नसेल तर सद्भावनेने केलेल्या उपचाराला कायदा संरक्षण देतो. मी त्याचा आधार घेऊन गळू फोडून पू काढला, औषधे दिली, आणि दाढ तशीच ठेवली. जे करत होते ते बहिणीला समजावले, भावाला तिने आपल्या शब्दांत समजावले, आणि त्याने तिच्या तोंडाकडे पाहत तोंड उघडले. त्या दिवशी खऱ्या अर्थाने संमती कोणी दिली असेल तर तिने, आणि तिची सही कोणत्याही कागदावर चालली नसती. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर आई आली, अंगावर उसाची कुसळे तशीच. तिने अंगठा उठवला, दाढ निघाली. मुकादमाने पैसे देऊ केले तेव्हा मात्र मी पुन्हा अडखळले, कारण ते पैसे कोणाच्या खात्यावर चढणार हे मला माहीत होते. मी घेतले नाहीत.

याच्या दुसऱ्या टोकाला चौदा वर्षांची मुलगी असते, जिच्या आईला दात तारेने सरळ करून हवे असतात आणि त्यासाठी चार चांगले, न किडलेले दात काढावे लागणार असतात. आई कॉलेजचे, फोटोचे, पुढच्या स्थळाचे बोलत असते. मुलगी मोबाइलमध्ये पाहत असते. 1992 मध्ये भारताने स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे बारावे कलम म्हणते की मत बनवू शकणाऱ्या मुलाला ते मांडण्याचा हक्क आहे आणि वय व समज यांनुसार त्याला वजन दिले पाहिजे. इथे वजन देणे मला सोपे जाते, कारण घाई कसलीच नसते. मी आईला चहाला बाहेर पाठवते. एक मुलगी तेवढ्यात म्हणाली, ‘‘मला दात असेच आवडतात. पण आईला सांगू नका, ती म्हणेल मला कळत नाही.’’ मी आईला सांगितले की वर्षभर थांबून पुन्हा पाहू. ते वैद्यकीयदृष्ट्या खरे होते. पूर्ण खरे नव्हते.

गेल्या महिन्यात पाच वर्षांची एक मुलगी आली होती. खालच्या दाढेत मोठी कीड, सूज नाही, ताप नाही. मी तिच्याशी माझा करार केला : हात वर केलास की मी थांबेन. मशीन सुरू केले, तिने हात वर केला, मी थांबले. दुखतंय का, विचारले. तिने नाही म्हणून मान हलवली. पुन्हा सुरू केले, पुन्हा हात. चौथ्यांदा माझ्या लक्षात आले की तिला काहीच होत नव्हते. मी खरेच थांबते का, एवढेच ती पाहत होती. आईने ‘‘अगं बास की आता’’ म्हणत तिचा हात खाली घ्यायला पुढे हात केला आणि मी आईचा हात धरला, जरा जास्तच जोरात. बाहेर कोणीतरी घड्याळाबद्दल बोलत होते. सात वेळा हात वर आला, सात वेळा मी पाय पेडलवरून काढला. तोवर दाढ जेमतेम अर्धी साफ झाली होती. मी तिच्यात तात्पुरते सिमेंट भरले आणि वहीत मंगळवारची वेळ लिहिली. आई म्हणाली, मंगळवारी हिची शाळा सकाळची असते, साडेबारानंतर चालेल का.